थंडरबर्ड उघडलं की "नवीन खातं जोडा" म्हणतंय. जुनी मेल गेली का?

द्राक्षमळा | मंगळवार, रात्री ९.४२

मंडळी, घाईत आहे, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

दिंडोरी रस्त्याला आमचं छोटं पॅकहाऊस आहे, द्राक्षं बाहेर जातात. ऑफिसात एकच कॉम्प्युटर, विंडोजवाला. त्यावर सासऱ्यांनी २०१३ साली थंडरबर्ड टाकलं, तेव्हापासून सगळा पत्रव्यवहार त्यातच. मेल पॉप पद्धतीने उतरते, सर्व्हरवर चौदा दिवस राहते आणि मग पुसली जाते. म्हणजे जे काही आहे ते या मशीनवरच.

मशीन फार हळू चालायला लागलं म्हणून शनिवारी एका दुरुस्तीवाल्याकडे दिलं. "सगळं साफ केलंय, थंडरबर्डपण ६४ बिटवालं टाकून दिलंय," म्हणत त्याने परत केलं. आज सकाळी उघडलं तर समोर "खातं जोडा". डावीकडे एक फोल्डर नाही. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंगच्या प्रती, हॉलंडच्या गिऱ्हाइकाशी झालेलं दराचं बोलणं, सगळं गायब. सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही.

गुरुवारी कंटेनर न्हावा शेव्याला निघायचाय. नेटवर शोधलं तर "कमांड लाइन ऑप्शन देऊन चालू करा" असं काहीबाही दिसलं. ते नेमकं कुठे टाइप करायचं?

सिडकोतला | मंगळवार, रात्री ९.५५

ताई, अजून पॉप? जीमेलवर टाका सगळं आणि ही कटकटच संपवा.

द्राक्षमळा | मंगळवार, रात्री ९.५८

टाकायला आधी मेल सापडायला हवी ना भाऊ.

निवृत्त टंकलेखक | मंगळवार, रात्री १०.२०

ताई, पहिली गोष्ट: त्या खिडकीत खातं जोडू नका. जोडलंत तर सर्व्हरवरची चौदा दिवसांची मेल नव्या जागी उतरेल आणि जुनं एकीकडे, नवं दुसरीकडे असा घोळ होईल. दुसरी गोष्ट: थंडरबर्ड काढून परत टाकू नका. आहे तसं बंद करा.

आता कारण. थंडरबर्ड म्हणजे प्रोग्राम, आणि तुमची मेल म्हणजे प्रोफाइल. दोघांची घरं वेगळी. प्रोग्राम "प्रोग्राम फाइल्स"मध्ये राहतो, प्रोफाइल तुमच्या विंडोजच्या खात्यात, ऍपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात. २०१९ साली ६८ वी आवृत्ती आली, तेव्हापासून प्रत्येक इन्स्टॉलला स्वतःचं वेगळं प्रोफाइल मिळतं. जुनं ३२ बिटचं थंडरबर्ड "प्रोग्राम फाइल्स एक्स८६"मध्ये होतं, दुरुस्तीवाल्याने ६४ बिटचं दुसऱ्या फोल्डरात टाकलं. नव्याला वाटलं आपण नवे भाडेकरू आहोत, म्हणून त्याने रिकामी खोली उघडली. जुन्या खोलीला कुलूप लागलेलं आहे इतकंच. अर्थात "सगळं साफ केलं" म्हणताना त्या माणसाने खोलीच पाडली नसेल, तर.

ते आधी तपासा. (आपल्या धाग्यावर सगळं देवनागरीत असतं, म्हणून उच्चाराप्रमाणे लिहितोय. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.) विंडोजचं बटण दाबून धरून आर दाबा. डाव्या कोपऱ्यात छोटी "रन" खिडकी येईल. त्यात लिहा:

%ऍपडेटा%

एंटर. त्यात थंडरबर्ड, त्यात प्रोफाइल्स. आत एक की दोन फोल्डर दिसतात आणि प्रत्येकाचा आकार किती ते सांगा. उजवं बटण, प्रॉपर्टीज.

द्राक्षमळा | मंगळवार, रात्री १०.४१

काका, दोन आहेत! नावं विचित्र आहेत, आधी आठ अक्षरांची गिचमिड, मग टिंब, मग एकात नुसतं डिफॉल्ट आणि दुसऱ्यात डिफॉल्ट-रिलीज. पहिलं ९.६ जीबी, दुसरं १४ एमबी.

निवृत्त टंकलेखक | मंगळवार, रात्री १०.४६

९.६ जीबीवालं तुमचं. सासऱ्यांना काही सांगायची गरज नाही.

आता तो फोल्डर आहे तसा पेनड्राइव्हवर कॉपी करा, थंडरबर्ड बंद असताना. झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, कितीही रात्र झाली तरी.

मग परत विंडोज आणि आर, आणि लिहा:

थंडरबर्ड.ईएक्सई -पी

मध्ये एक जागा सोडा. ते वजाचं चिन्ह म्हणजे शून्याच्या शेजारच्या कळीवरचं. पी कॅपिटल. कमांड लाइन ऑप्शन म्हणतात तो हाच, प्रोग्रामच्या नावापुढे जोडलेली सूचना. या एका अक्षराने मेल उघडायच्या आधी "कोणतं प्रोफाइल?" असं विचारणारी छोटी खिडकी येते. तिच्यात दोन नावं असतील. डिफॉल्ट निवडा आणि चालू करा. "यापुढे न विचारता हेच उघड" अशी खूण खाली आहे, ती सगळं नीट दिसलं की मगच लावा.

खिडकी न येता थेट मेलच उघडली, तर थंडरबर्ड मागे चालू राहिलंय असं समजा. टास्क मॅनेजरमधून बंद करा आणि परत.

खवय्या | मंगळवार, रात्री ११.०२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. ९.६ जीबी कॉपी होईपर्यंत कोणीतरी सातपूरला मिसळ कुठे चांगली मिळते ते सांगा.

द्राक्षमळा | बुधवार, सकाळी ७.१५

कॉपी व्हायला पाऊण तास लागला. मग -पी केलं, खिडकी आली, डिफॉल्ट निवडलं. आणि आता हे: "तुम्ही थंडरबर्डची जुनी आवृत्ती चालू केली आहे" अशा अर्थाचं काहीतरी, खाली दोनच बटणं. नवं प्रोफाइल बनवा, किंवा बाहेर पडा. मी बाहेर पडले. परत पोटात गोळा.

सिडकोतला | बुधवार, सकाळी ७.३०

हे मला माहितीये. त्या दुरुस्तीवाल्याच्या पेनड्राइव्हवर जुना इन्स्टॉलर असणार, तोच टाकला. तुमचं आधीचं थंडरबर्ड स्वतःहून अपडेट होत पुढे गेलं होतं. सोपं आहे, हे लिहा:

थंडरबर्ड.ईएक्सई -पी -अलाउ-डाउनग्रेड

दोन सेकंदांत उघडेल.

निवृत्त टंकलेखक | बुधवार, सकाळी ७.४४

ताई, थांबा! निदान बरोबर आहे, औषध चुकीचं आहे.

तो ऑप्शन खरा आहे, पण नव्या आवृत्तीने हाताळलेल्या फायली जुन्या आवृत्तीच्या हातात देतो. ऍड्रेस बुक, कॅलेंडर, फोल्डरांच्या नोंदी यांची मांडणी मधल्या काळात बदललेली असू शकते. जुन्याला ती कळली नाही तर ते काय करून ठेवेल याचा नेम नाही. म्हणून तर तो अडसर मुद्दाम घातलाय. बारा वर्षांच्या मेलवर हा प्रयोग कशाला?

मोझिलाच्या अधिकृत जागेवरून ताजं थंडरबर्ड उतरवा आणि आहे त्यावरच टाका. प्रोफाइलला धक्का लागत नाही. मग परत -पी.

सिडकोतला | बुधवार, सकाळी ७.५०

मान्य. पेनड्राइव्हवर कॉपी आहे म्हणून म्हटलं होतं, पण काकांचंच बरोबर.

द्राक्षमळा | बुधवार, सकाळी ९.०५

आलं!!! सगळं आलं. २०१३ मधली पहिली टेस्ट मेलसुद्धा, सासऱ्यांनी स्वतःलाच पाठवलेली. "नमस्कार, हे पोचले का" एवढंच आहे तिच्यात.

काका, तुमच्या तोंडात साखर. सासऱ्यांना आत्ता सांगितलं. ते म्हणाले, मला शनिवारीच शंका आली होती.

अंबड शिफ्ट | बुधवार, दुपारी १.१०

वाचनखूण साठवली. आमच्या कारखान्यात आउटलुक आहे, त्यालाही असेच ऑप्शन असतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. फरक एवढाच की तिथे वजाऐवजी तिरकी रेघ. आउटलुक.ईएक्सई /सेफ म्हणजे ऍड-इन (वरून जोडलेली छोटी साधनं) बाजूला ठेवून उघड. /प्रोफाइल्स म्हणजे कोणतं प्रोफाइल ते विचार. डावीकडची फोल्डरांची पट्टी बिघडली की /रिसेटनॅवपेन, पण त्याने "फेव्हरिट्स"मध्ये लावलेले फोल्डर जातात, हे आमच्या स्टोअरच्या साहेबांना मी आधी सांगितलं नव्हतं. हे सगळं जुन्या, क्लासिक आउटलुकचं.

थंडरबर्डला -सेफ-मोड आहे ना? परवा घरी एका ऍड-ऑनने उघडताक्षणी गोठत होतं.

निवृत्त टंकलेखक | बुधवार, दुपारी १.३५

आहे. विंडोजवर शिफ्ट दाबून धरून आयकॉन उघडलात तरी तेच होतं. आता मेनूत त्याला ट्रबलशूट मोड म्हणतात, पण ऑप्शनचं नाव जुनंच राहिलंय.

द्राक्षमळा | बुधवार, दुपारी ४.२०

आता जरा श्वास घेतला, म्हणून पुढचा प्रश्न. या मशीनवर दोन कामं चालतात, निर्यातीची मेल आणि गावातल्या पाणीवापर संस्थेची (सासरे सचिव आहेत). दोन्ही एकाच थंडरबर्डात असल्यामुळे एकदा संस्थेच्या सभेची नोटीस रॉटरडॅमला गेली होती. वेगळी करता येतील?

निवृत्त टंकलेखक | बुधवार, संध्याकाळी ५.००

रॉटरडॅमहून कोणी सभेला आलं का?

-पीच्याच खिडकीत "नवं प्रोफाइल" बटण आहे. संस्थेसाठी एक करा, नाव इंग्रजी अक्षरांत आणि जोडून ठेवा, समजा संस्था. जुन्याचं नाव तिथेच बदलून "निर्यात" असं ठेवा. त्याने फोल्डरचं नाव बदलत नाही, फक्त यादीतली पाटी बदलते.

मग डेस्कटॉपवर थंडरबर्डच्या शॉर्टकटची प्रत करा, उजवं बटण, प्रॉपर्टीज, "टार्गेट". तिथे दुहेरी अवतरणचिन्हांत लांबलचक पत्ता असेल. अवतरण जिथे संपतं त्याच्या बाहेर एक जागा सोडून:

-पी संस्था

अवतरणाच्या आत लिहिलंत तर विंडोज त्या नावाची फाइलच शोधत बसेल. दुसऱ्या शॉर्टकटला -पी निर्यात. शॉर्टकटांना मराठी नावं द्या, आयकॉन वेगवेगळे लावा.

उबंटूप्रेमी | बुधवार, संध्याकाळी ५.४०

लिनक्सवर हेच सगळे ऑप्शन चालतात. फक्त एक सांगतो, स्नॅपमधून (स्नॅप आणि डेब या उबंटूवर प्रोग्राम टाकायच्या दोन पद्धती) आलेल्या थंडरबर्डचं प्रोफाइल नेहमीच्या लपवलेल्या फोल्डरात नसतं, घरच्या फोल्डरात स्नॅप, थंडरबर्ड, कॉमन असं आत जावं लागतं. डेबवरून स्नॅपवर गेलात आणि "मेल गेली" असं वाटलं, तर ताईंचीच गोष्ट. तिथे -प्रोफाइल असा पूर्ण शब्द लिहून पुढे फोल्डरचा पत्ता दिला की यादीत नाव नसलं तरी उघडतं.

पेनड्राइव्हवरची प्रत नीट आली का हे बघायलाही तोच ऑप्शन वापरा, पण जोडीला -ऑफलाइन लावा. नाहीतर ती प्रत उघडताच सर्व्हरवरून नवी मेल तिच्यातच उतरवून घेईल.

सिडकोतला | बुधवार, संध्याकाळी ६.०५

दोन्ही प्रोफाइलं एकाच वेळी उघडायची असतील तर -नो-रिमोट पण लावा दोन्हीकडे.

द्राक्षमळा | गुरुवार, सकाळी ८.३०

दोन्ही लावलं, दोन खिडक्या शेजारी शेजारी. मस्त.

आता शेवटचं, खरंच शेवटचं. हंगामात रोज तीच मेल जाते, तेच चार पत्ते, तोच विषय, फक्त कंटेनर नंबर बदलतो, आणि जोडीला पॅकिंग लिस्ट, इनव्हॉइस, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र. हे सगळं भरलेलं पत्र एका क्लिकवर उघडतं का? कुठेतरी -कंपोज दिसलं. मी रनमध्ये टाकून पाहिलं तर "थंडरबर्ड आधीच चालू आहे, पण प्रतिसाद देत नाही" म्हणतंय. समोर तर व्यवस्थित चालू आहे.

निवृत्त टंकलेखक | गुरुवार, सकाळी ९.१५

हा कालच्या -नो-रिमोटचा प्रसाद. त्या ऑप्शनचा अर्थच "बाहेरून कोणी हाक मारली तर ओ देऊ नकोस" असा आहे. तुमचं -कंपोज चालू असलेल्या थंडरबर्डला हाक मारायला गेलं, त्याने कानात बोळे घातलेले. मग ते स्वतःच नव्याने चालू व्हायला गेलं, तर प्रोफाइलला कुलूप. दोन्ही शॉर्टकटांतून -नो-रिमोट काढा. नव्या आवृत्त्यांत माझ्याकडे नुसतं -पी आणि नाव दिलं तरी दोन प्रोफाइलं शेजारी उघडतात.

आता -कंपोज. नोटपॅड उघडा आणि हे सलग एका ओळीत लिहा:

स्टार्ट "" थंडरबर्ड.ईएक्सई -पी निर्यात -कंपोज "टू='पहिला पत्ता,दुसरा पत्ता',सब्जेक्ट='कागदपत्रं, कंटेनर',अटॅचमेंट='फाइल:///सी:/निर्यात/पॅकिंगलिस्ट.पीडीएफ,फाइल:///सी:/निर्यात/इनव्हॉइस.पीडीएफ'"

टिंब बॅट शेपूट लावून सेव्ह करा. ही झाली बॅच फाइल, उघडली की आतली ओळ चालते. सगळ्या मजकुराभोवती दुहेरी अवतरण, आतल्या प्रत्येक रकान्याभोवती एकेरी. रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम, त्याच्या पुढेमागे जागा नको.

सुरुवातीचं "स्टार्ट" का, तर रन खिडकीला थंडरबर्ड कुठे राहतं ते माहीत असतं, पण बॅच फाइलला नुसतं थंडरबर्ड.ईएक्सई म्हटलं की "ओळखत नाही" म्हणते. स्टार्टला तो पत्ता सापडतो. आणि रिकामी अवतरणं विसरू नका, कारण स्टार्ट पहिल्या अवतरणातला मजकूर खिडकीचं शीर्षक म्हणून घेतं.

द्राक्षमळा | गुरुवार, दुपारी १२.१०

पत्र उघडलं, पत्ते आले, विषय आला. पण जोडपत्रं नाहीत. "फाइल अस्तित्वात नाही" म्हणतंय. फाइल आहे, डोळ्यांसमोर आहे! नावात जागा आहे, "पॅकिंग लिस्ट", म्हणून नेटवर वाचून जागेच्या ठिकाणी %२० टाकलं होतं.

सिडकोतला | गुरुवार, दुपारी १२.४०

हे मी सोडवतो, यात मी स्वतः दोन तास घालवलेत. रनमध्ये %२० चालतं. पण बॅच फाइलमध्ये % हे खास चिन्ह आहे. %२ म्हणजे "या फायलीला दिलेली दुसरी गोष्ट". तुम्ही दुसरी गोष्ट काही दिलेली नाही, म्हणून तिथे रिकामं आलं आणि मागचं शून्य तेवढं उरलं. थंडरबर्ड "पॅकिंग०लिस्ट" नावाची फाइल शोधतंय.

दोनदा लिहा: %%२०. किंवा फाइलचं नावच जोडून ठेवा, ते बरं. नावात स्वल्पविराम तर अजिबात नको, त्याला वाटतं दुसरी फाइल सुरू झाली.

निवृत्त टंकलेखक | गुरुवार, दुपारी १२.५५

वा, हे मला सुचलं नसतं.

अंबड शिफ्ट | गुरुवार, दुपारी १.०५

मी काकांची ओळ आमच्या व्हॉट्सऍप ग्रुपवर टाकली, मित्राने ती वर्डमध्ये चिकटवली, तिथून बॅच फायलीत. चालेना. अवतरणचिन्हं बघितली तर वळणदार झालेली आणि वजाचं चिन्ह लांबट. वर्डला वाटलं आपण सुशोभन करतोय. नोटपॅडमध्ये हाताने परत टाइप केल्यावर चालली.

सिडकोतला | गुरुवार, दुपारी १.२०

पत्र आपोआप पाठवायचं असेल तर -सेंड असं काही असेल ना?

निवृत्त टंकलेखक | गुरुवार, दुपारी १.३०

नाही. -कंपोज पत्र भरून समोर ठेवतं, "पाठवा" आपणच दाबायचं. कोणाला ही उणीव वाटते. मला नाही वाटत, विशेषतः सभेची नोटीस रॉटरडॅमला गेल्यावर.

एका प्रोफाइलमध्ये दोन ओळखी (पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता) असतील आणि पत्र ठरावीक ओळखीवरूनच निघायला हवं असेल, तर -कंपोजच्या यादीत प्रीसिलेक्टआयडी='आयडी२' असा रकाना घालता येतो. आकडा कोणता ते थंडरबर्डच्या कॉन्फिग एडिटरमध्ये, म्हणजे बारीक सेटिंग्जच्या यादीत, मेल.आयडेंटिटी असं शोधलं की दिसतं.

खवय्या | गुरुवार, दुपारी २.००

मिसळीचं कोणीच सांगितलं नाही.

द्राक्षमळा | गुरुवार, रात्री ८.५०

गेला कंटेनर. तीनही कागद जोडून मेल गेली आणि गिऱ्हाइकाचं "मिळाले"ही आलं. बॅट फायलीला सासऱ्यांनी "रोजचं पत्र" नाव दिलंय. आज त्यांनी ती चार वेळा उघडून बंद केली, उगाच.

जाता जाता: इनबॉक्स उघडायला फार वेळ घेतो. फोल्डरात बघितलं तर इनबॉक्स नावाची बिनशेपटाची एकच फाइल ३.७ जीबीची आहे आणि शेजारी इनबॉक्स.एमएसएफ. ती एमएसएफ उडवली तर चालेल म्हणे?

निवृत्त टंकलेखक | गुरुवार, रात्री ९.१०

एमएसएफ म्हणजे अनुक्रमणिका. थंडरबर्ड बंद करून ती उडवलीत तर पुढच्या वेळी नवी बनते, पत्रांना काही होत नाही. बिनशेपटाच्या फायलीला मात्र हात लावू नका, पत्रं तिच्यातच आहेत. पुसलेली पत्रंसुद्धा कॉम्पॅक्ट करेपर्यंत, म्हणजे फाइल झाडून घेईपर्यंत, तिच्यातच पडून असतात, म्हणून ती एवढी फुगते. इनबॉक्सवर उजवं बटण, कॉम्पॅक्ट. मात्र आधी प्रोफाइलची नवी प्रत काढा. मंगळवारची आता जुनी झाली.

द्राक्षमळा | गुरुवार, रात्री ९.१४

परत पाऊण तास. बरं. आमच्याकडची लाइट राहिली तर आज, नाहीतर उद्या सकाळी करते आणि इथे कळवते.